खाप्याच्या विणकराचे पाय

२० नोव्हेंबर. आज स्टेशनसमोरच्या चित्रांच्या भिंतीवरचे, खर्रा खाऊन थुंकल्याचे डाग धुवून घ्यायचे होते. पाइप धरून उभी असताना ही भिंत रंगवणारे पेंटरबाबा आठवले. ते गेले त्याला दीड वर्ष झालं.

त्यांची एक खोड मला छळायची. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही थांबवून विचारायचे, "कसं दिसून राहिलं?" संत्र्याची टोपली अशी कुणी उचलत नाही, असं एखादा हमाल म्हणाला की चित्रातली टोपली पुसलीच. काम वेळेत करून घ्यायची जबाबदारी माझी, त्यामुळे मी चिडायचे. ते म्हणायचे, "मॅडम, ज्याचं आहे त्याले त पटलं पाहिजे."

चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, एकीवरही स्वतःचं नाव नाही. या भिंतीवर शहराचा आणि आसपासच्या गावांचा इतिहास होता, आणि कोपऱ्यात चित्रकाराचं नाव येणार होतं. पालिकेतल्या माझ्या साहेबांची अट एकच: उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाचला भिंत पूर्ण हवी. नावाची जागा बाबांनी आखूनच ठेवली होती. डबा खाताना तिच्यासमोरच बसायचे.

त्या आदल्या दिवशी दुपारी तीनला सगळं रंगवून संपलं. मागावर बसलेला, जवळच्या खापा गावचा विणकर त्यांचा लाडका; त्याच्या पायांवर त्यांनी दोन दिवस घालवले होते. तेवढ्यात गाडीतून उतरलेल्या एका म्हातारीला त्यांनी थांबवलं. ती नेमकी खाप्याची निघाली. बराच वेळ बघून म्हणाली, "पाय काहून काढले गा? मागावर बसला का पाय खड्ड्यात राह्यते. माह्या मालकाचे मले जेवाच्या वेळीच दिसे."

बाबांनी खरवडायची पत्ती उचलली. मी मनगट धरलं. आठवड्यानं करा, नाव तर येऊ द्या, उद्या कुणाला कळणार आहे, असं सगळं सांगून पाहिलं.

"तिले कळलं ना," ते म्हणाले, आणि हात सोडवून घेतला.

पाचला साहेब आले तेव्हा मागाखाली ओली पुट्टी होती. ती वाळायलाच सकाळ उजाडणार होती. साहेबांनी तेवढ्या भागावर फ्लेक्स लावायला सांगितला आणि नावाची जागा पुसायला. ती बाबांनी स्वतःच पुसली, ब्रश धुतले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्कूटरनं नंदनवन वस्तीत त्यांच्या घरी गेले. त्यांना उठवलं, ब्रशांसकट मागं बसवून आणलं. फ्लेक्स मीच काढला, खड्डा रंगवून होईपर्यंत शिडी धरली. अकराला उद्घाटनाचे पाहुणे आले तेव्हा रंग ओला होता. कुणाचा हात लागू नये म्हणून मी त्याच्यापुढं उभी राहिले.