लीलाबाईंचं वाक्य

कुसगावच्या ज्या रिसॉर्टात मी हाऊसकीपिंगचा सुपरवायझर आहे, तिथली सोमवारची सकाळ ज्यानं पाहिली नाही त्यानं लोणावळा पाहिलाच नाही. शनिवार-रविवारची मंडळी बेसिनात ओकून जातात, चादरीत चिकनची हाडं गुंडाळून ठेवतात. संडासाबद्दल न बोललेलं बरं. बेडसे गावच्या लीलाबाई अकरा वर्षं हे सगळं निस्तरतायत. ॲसिड ओतून, उघड्या हातांनी.

त्यांच्या बोटांच्या पेरांवर आता धड कातडी नाही. भाकरी थापताना पिठाला रक्त लागतं, म्हणून घरी सून भाकरी करते. असंच चाललं तर बोटं कामातून जातील, असं डॉक्टरनं बजावलंय. लीलाबाईंनी तीनदा हातमोजे मागितले. मी तीनदा "वर सांगतो" म्हणालो.

वरून हातमोजे आले नाहीत, मानसी मॅडम आल्या. त्या पाहुण्यांना पॉझिटिव्ह वाक्यं शिकवतात. रोज आरशासमोर म्हणायची, म्हणजे माणूस तसाच होतो. मालकांना ते इतकं आवडलं की स्टाफलाही सुरू केलं. आम्हाला कुठला आरसा? स्वयंपाकघरामागं, खरकट्याच्या ड्रमांशेजारी रांग. माश्या घोंघावतायत आणि बारा माणसं एका सुरात म्हणतायत, "मी आनंदी आहे. मला हवं ते सगळं मिळालं आहे." बोलाचीच कढी, बोलाचाच भात! किळसवाणा प्रकार, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा.

लीलाबाई मात्र तोंड मिटून उभ्या असायच्या. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग मालकांना जाहिरातीसाठी व्हिडिओ हवा झाला. मॅडमनी हसऱ्या चेहऱ्याच्या म्हणून लीलाबाईंना निवडलं. हात कॅमेऱ्यापुढं धरून म्हणायचं होतं, "माझे हात सुंदर आहेत." मेकअपवाल्या मुलीनं त्या सोललेल्या बोटांवर पावडर फासली. लीलाबाईंनी ओठ आवळले. पावडरीची डबी मीच धरली होती.

"म्या न्हाई म्हननार," लीलाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी पंचशील म्हनून घर सोडते. खोटं बोलनार न्हाई म्हनून बुद्धाम्होरं ह्येच हात जोडते. आन् ह्या हातांचंच खोटं बोलू व्हय?"

मॅडम गोड हसल्या. "मावशी, आधी तो 'नाही' काढून टाका. जे हवंय तेच बोला. 'मी करते' असं ठाम. आणि नुसतं बोलायचं नाही, तसं वागायचं. तरच ते खरं होतं."

 लीलाबाईंनी कॅमेऱ्याकडं बघितलं.

"मी हातमोजे घालूनच संडास धुते," त्या म्हणाल्या, आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या.

 मॅडमनी शिकवलेलंच तर बाई करत होती! शेजारी सफाईतल्याच नंदाबाई येऊन बसल्या. "मी बी हातमोजे घालूनच धुते." मग आणखी दोघी बसल्या.

मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "त्या म्हातारीला आजच काढ." मी मान खाली घालून तो निरोप लीलाबाईंना दिला.

"काढा की, भाऊ. घरात कमावनारी मी येकटीच हाय," त्या म्हणाल्या. पण त्यांनी वाक्य सोडलं नाही. "मी हातमोजे घालूनच संडास धुते."

बारा वाजले. दोनला पाहुणे येणार होते आणि बावीस खोल्या तशाच घाण पडल्या होत्या. मालकांचा फोन आला. "दे बाबा तिला काय हवंय ते. पण आधी खोल्या कर."

मी स्टोअर उघडलं. हातमोज्यांचा खोका मधल्याच फळीवर होता. दोन वर्षांपूर्वी तपासणीला माणसं येणार होती, त्यांना दाखवायला आणलेला. स्टोअरची किल्ली माझ्याच खिशात असते. शर्टाच्या बाहीनं धूळ पुसली, पण ती पुरती निघाली नाही.

लीलाबाईंनी झाकणावरून बोट फिरवलं. "कवा आले ह्ये?"

"कालच," मी म्हणालो.

कुणी भाग पाडलं नव्हतं. गरजही नव्हती. महिनाभर रांगेत ओरडून जिभेला लागलेलं वळण ते. माझी मलाच शिसारी आली.

लीलाबाईंनी बोटाची धूळ पदराला पुसली. मोजे चढवताना एकदाच कळवळल्या. "काल आले व्हय?" त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून कामाला गेल्या.