कुसुमताईंनी घालायला लावलेलं बारसं

कुसुमताईंची माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडण माझं नव्हे, त्यांचं. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या बेघर निवारा केंद्राची बैठक चालली होती आणि ‘नशा करणाऱ्यास प्रवेश नाही’ हा नियम मंजूर होण्याच्या बेतात होता. पलूसच्या दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या या परिचारिका उठल्या आणि म्हणाल्या, “आधी नशा सोड, मग खाट देतो म्हणता? अहो, उघड्यावर झोपून कुणाची नशा सुटलीय?” नियम बारगळला. मी फटकळ माणूस, मला बाई तिथंच पटल्या.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला चहा देऊन त्या विचारतात, “आधी घर सुटलं, की आधी नशा लागली?” त्यांचं म्हणणं असं, की तरणा पोरगा वाहवला तर आईबाप त्याला हुडकून नेतात. तो पळाला तर पुन्हा नेतात. उतारवयातल्या माणसाच्या मागे कुणी येत नाही. थंडीवाऱ्यात अंग दुखतं म्हणून गोळ्या वाढतात आणि गोळ्या वाढल्या की घर आणखी लांब जातं. म्हणून थकलेल्या माणसांची घरं ताई आधी शोधतात.

धोंडीराम त्यांतलेच. माण तालुक्यातले, साठी ओलांडलेले. मुंबईत हमाली करताना पाठ गेली, दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागली. रिकाम्या हातानं गावी जायची लाज वाटली आणि सांगलीत स्टँडमागं वर्षानुवर्षं निघाली. केंद्रात उपचारांनी ते सावरले. एक दिवस म्हणाले, “ताई, घरला जायाचंय.”

आधी ताई आणि मी त्यांच्या गावी गेलो. धोंडीराम जिवंत आहेत हे ऐकून त्यांचे धाकटे भाऊ उंबऱ्यावरच बसले. “आवं ताई, लय वाट बगितली. मग पुतळा जाळून त्याचं दिवस घातलं आमी. मेलेल्या मानसाला घरात कसं घ्यायचं? पोराबाळांवर काय आलं म्हंजी?”

त्यांच्या मनात खोट नव्हती, भीती होती. तरी मी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाल्या, “मेला म्हणता ना? मग परत जन्मला म्हणा आणि बारसं घाला!”

झालं, आता हाकलतात, असं मला वाटलं. पण आतून धोंडीरामांच्या आत्या काठी टेकत बाहेर आल्या. “नाव ठेवायचा मान माजा हाय. आना त्याला.”

खरोखर बारसं झालं. धोंडीरामांना घोंगडीवर बसवलं. आत्यांनी कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ केलं, तशा जमलेल्या बायका आधी हसल्या, मग त्यांनी पदर डोळ्यांना लावले. ताई घुगऱ्या वाटत राहिल्या.

खोटं कशाला लिहू? पुढं धोंडीरामांचा पाय पुन्हा घसरला. गोळ्यांपायी ते घरातून निघून गेले. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. आणि एका सकाळी त्यांचे भाऊ धापा टाकत केंद्राच्या दारात उभे. “ताई, आमचं मानूस हितं आलंय का?”

स्टँडमागं सापडलेल्या भावाला हाताला धरून ते घरी घेऊन गेले. त्या दिवशी मी ताईंना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

ताई, केंद्रातल्या अजून कितीतरी जणांच्या दारी जाऊन तुम्हाला भांडायचं आहे. तेव्हा गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या आणि खूप खूप जगा.