रोखीचा संशय

ती घटना अजून माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून आज नोंद दुरुस्त करतो.

निवृत्तीपूर्वी मी धुळ्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका धान्य व्यापाऱ्याचा गल्ला फुटला. दुसऱ्याच दिवशी आमचा खबरी आला. "साहेब, चहाचे पैसेबी फोनवर देणारा तो वायरमन आज करकरीत नोटा देऊन साड्या घेतोय. लॉटरी लागली का, विचारा तरी!"

वायरमनने नुकतेच त्या व्यापाऱ्याकडे काम केले होते. मी त्याला साड्यांच्या पिशव्यांसकट ठाण्यात आणले.

"नोटा कुठून आल्या?"

"पंपावरच्या दोस्ताला फोनवर पाठवले, त्याने रोख दिले."

"मग दुकानातच फोनवर का नाही दिले?"

"दुकानदार लेत नही ना! साहेब, उद्या बहीणनं लगीन शे. जाऊ द्या."

त्या कापडदुकानात पैसे घ्यायचे स्कॅनचे कार्ड मी स्वतः पाहिले होते. चोरीच्या नोटा लपवायलाच मित्राचा व्यवहार दाखवतोय, असे मी धरले. त्याला बसवून ठेवले. 'नुसती चौकशी' म्हणून स्टेशन डायरीत नोंदही केली नाही.

दुकान जवळच होते, तरी मी गेलो दुसऱ्या दिवशी दुपारी, साध्या कपड्यांत. टॉवेल घेतला, फोन पुढे केला.

"रोख द्या, भाऊ."

"कार्ड तर लावलंय."

"काढायचं राहिलं. कुण्या भामट्यानं शर्ट घेतला, पैसे फसवणुकीचे निघाले, अन् पोलिसांनी माझं खातंच गोठवलं. गिऱ्हाइकाच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? आता बठ्ठी गल्ली, एकूण एक दुकान, रोखच घेते."

खाते गोठवण्याचे ते पत्र माझ्याच सहीने गेले होते.

तडक ठाण्यात येऊन वायरमनला म्हणालो, "जीप देतो, लवकर जा."

"आता काय घाई, साहेब? लगीन लागी गयं."

लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा, त्या कानपिळीचा मान नवरीच्या भावाचा. त्या जागी मावसभाऊ उभा राहिला. भाऊ चोरीत सापडला, ही बातमी वरपक्षाकडे आधीच पोचली होती. खरा चोर, व्यापाऱ्याचाच ड्रायव्हर, पुढे पिंपळनेरला सापडला.

गिऱ्हाईक पैसे कसे देणार, हे बहुतेक वेळा दुकानदार ठरवतो. मी नोटा देणारा हात पाहिला, दुकान पाहिले नाही. वायरमनला आणल्याची नोंद नव्हती, म्हणून तो निर्दोष ठरल्याचीही कुठे झाली नाही. बहिणीच्या सासरी अजून कुजबुज चालते, असे कळते. त्यांच्यासाठी लिहितो: तो चोर नव्हता. भाऊ मांडवात दिसला नाही, कारण मी त्याला सोडले नव्हते.