लांबवलेली पोथी

"आजी, ह्यात लेकरू मरतंय का?"

पुस्तक हातात घेतलं की तिचा पहिला प्रश्न हा. कव्हर बघायचं नाही, लेखकाचं नाव वाचायचं नाही. मी "न्हाई गं" म्हटलं तरी विश्वास बसायचा नाही. कपाटाला पाठ लावून उभ्या उभ्याच शेवटची पानं वाचायची, आणि मग एक तर "द्या," नाही तर "राहू द्या." ताटावर बसायच्या आधी कालवणात बोट बुडवून बघणारी माणसं असतात ना, तुमच्याही घरात एखादं असेल, तशी ती पुस्तकं चाखून घ्यायची.

आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे. मला ग्रंथपाल म्हणतात, म्हणजे कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात आणि उंदरांचं औषध मी आणते. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि माझी पुस्तकं. ही पोर मागं राहिली होती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी आणि धाकट्या भावासाठी.

भाऊ आठ वर्षांचा. त्याला मूत्रपिंडाचं दुखणं. सकाळी उठायचा तो तोंड सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. आईबाप सांगलीकडं ऊस तोडत होते. घरात ही दोघं आणि त्यांची मोठीमाय, म्हणजे बापाची आई.

तिच्या वयाची असताना मी नेमकी उलटी होते. लेकरू मरणार असेल तरच पुस्तक घ्यायचे. दुपारी सगळं आवरलं की माजघरात उताणी पडून असं काही रडायचे की सासूला वाटायचं, माहेरचं कुणी गेलं. एकदा तर तिनं माझ्या सुतकाच्या अंघोळीचं पाणीही ठेवलं होतं. मी नाक ओढत म्हणाले, "न्हाई हो, कादंबरीतलं गेलंय." त्या दिवसापासून सासू मला काही कामाचं विचारायची बंद झाली. केवढं सुख.

तर, कॉलेजात सरांनी वर्गाला एक कौटुंबिक कादंबरी नेमून दिली. वाचा आणि रसग्रहण लिहा. जुनी होती, आमच्या कपाटात निघाली. एका वकिलाचा मुलगा आजारी पडतो, पुस्तकभर आजारी राहतो आणि शेवटच्या प्रकरणात, बागेत चाफा फुललेला असताना, आईच्या मांडीवर प्राण सोडतो.

तिनं शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"सरांना दुसरं काही सापडलं न्हाई का?"

"मार्क हायेत ना त्याला?"

"हायेत."

"मग ने."

नेलं. आणि दर दोन-तीन दिवसांनी येऊन टेबलापाशी उभी राहून ती त्या कादंबरीशी भांडायला लागली. भांडण कादंबरीशी, ऐकून घ्यायला मी.

"असं नसतंय, आजी. ह्यातलं पोरगं एकदा बी चिडत न्हाई. सारखं आपलं, आई तू रडू नकोस. आमच्यावाल्यानं काल ताट फेकून मारलं माझ्या अंगावर. म्हणे, अळणी भाकर तूच खा."

"वकिलाचं लेकरू आहे ते. शिकवलेलं असेल."

"अन् ही आई. दिवसभर उशाशी बसून असती. पाणी कोण आणतंय ह्यांच्या घरी?"

"गडी आहे ना त्यांच्याकडं."

"मग त्याच्यावर लिहा म्हणावं. राबतोय तो अन् नाव हिचं." मग थोडा वेळ पानं चाळून, "म्हणे फिकट पडला, मोगऱ्याच्या कळीसारखा दिसू लागला. आमचं सुजून भोपळा झालंय. भोपळ्यासारखा दिसू लागला, असं लिहिन का कुणी?"

एकदा तिनं पुस्तक उघडून माझ्या नाकापुढं धरलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "हाय रे दैवा! किती हे पवित्र दुःख!!" पुढच्या पानावर, "माझेही नेत्र ओले." खाली एक थेंबाचं चित्र काढलेलं, ज्यांना वाचून समजणार नाही त्यांच्यासाठी.

"कोण येडी होती ही?"

"असेल कुणीतरी," मी म्हणाले. "त्या काळी लई येड्या होत्या गावात."

"हिच्या घरी कुणी आजारी पडलं नसन कधी."

"नसन." मी किल्ल्यांचा जुडगा उगाच चाचपायला लागले. अक्षर मोठं सुरेख होतं, गोल गोल. शाळेत त्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं, तेवढं मला ठाऊक आहे.

तिला मोठ्यानं वाचायची सवय. भावाच्या अंथरुणाशी बसून ती वाचायची आणि मोठीमाय चुलीपाशी बसून ऐकायची. आता त्या घरात पुस्तक मोठ्यानं वाचलं गेलं ते फक्त श्रावणात, आणि तीही पोथीच. म्हातारीनं ऐकलं, आजारी लेकरू आहे, आई आहे, देवाला हाका मारणं चाललंय. दुसऱ्या दिवशी पुस्तकाखाली पाट आला. तिसऱ्या दिवशी उदबत्ती लागली आणि माझ्या वाचनालयाच्या शिक्क्यावर हळदीकुंकू पडलं.

"मोठीमाय, ही कादंबरी हाय."

"असू दी की. देवाची नावं काय कमी हायेत?"

पोथीला नियम असतात, ते म्हातारीनं नातीला घालून दिले. रोज वाचायचं. अध्याय अर्धा सोडायचा नाही. आणि समाप्ती साधीसुधी नको. पुरणाचा नैवेद्य, सवाष्णींना जेवण आणि लेकराच्या आईच्या हातची आरती. आईबाप पाडव्याला परत येतात, तेव्हा समाप्तीही पाडव्याला.

"तवर पुरव पोथी. समाप्ती झाली की उठून बसंल माझा वाघ."

हे सगळं ती मला हसत हसत सांगत होती. सांगता सांगता थांबली.

"आजी, समाप्तीला तर ते मरतंय."

आणि पाडवा लांब होता, पुस्तकाची पानं थोडी होती. मग तिनं पोथी लांबवायला घेतली.

मी एका दुपारी त्यांच्याकडं गेले. ती वाचत होती. बोट ओळीवरून सरकत होतं, पान उलटायच्या वेळी उलटत होतं, आणि तोंडातून येत होतं ते त्या पुस्तकात कुठंच नव्हतं. वकिलाच्या मुलाला एक शेळी मिळाली होती. शेळीनं वकिलाच्या कोर्टाचे कागद खाल्ले होते. वकील काठी घेऊन मागं आणि शेळी चाफ्याच्या झाडाभोवती. भाऊ हसत होता, हसून त्याला धाप लागली होती. मोठीमाय हात जोडून म्हणाली, "खाऊ दी बापा, मुकं जनावर हाय."

"त्या पोरानं आज खारं खाल्लं का?" भावानं विचारलं.

"खाल्लं. लोणच्याची फोड."

"पुरी?"

"पुरी. सालीसकट."

त्यानं सुजलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "कशी होती?"

तिनं पुस्तकात बघितलं, जणू तिथं लिहिलेलंच होतं.

"खारट," ती म्हणाली.

पुढं आईही ऐकायला लागली, फोनवरून. तिकडं मोळ्या बांधून गाडी भरायच्या आधी थोडी उसंत मिळायची, तेव्हा ही फोन पाटावर पुस्तकाशेजारी ठेवायची. मधेच तिकडून ट्रॅक्टरचा आवाज यायचा, कुणीतरी "चला ओ वहिनी" म्हणून हाक मारायचं. पोरगं कसं आहे, हे आई विचारायची नाही. "कुठवर आलीय?" एवढंच विचारायची.

"शेळी गाभण हाय, आई."

"हां. मग हाय अजून," आई म्हणायची आणि फोन ठेवायची.

रसग्रहण मात्र तिनं वेळेत दिलं. देण्याआधी मला वाचून दाखवलं. पहिलीच वाक्यं अशी: "लेखकाने हे आजारपण पाहुण्यासारखे पाहिले आहे. पाहुणा उशाशी बसतो, केळी ठेवतो आणि एस.टी.ची वेळ झाली की उठतो." मी इतकी वर्षं पुस्तकांत घालवली, थेंबांची चित्रं काढली, पण असं एक वाक्य मला सुचलं नाही.

दोन दिवसांनी ती ते कागद घेऊन परत आली. सरांनी सगळं कौतुकानं वाचलं होतं आणि शेवटी बोट ठेवून विचारलं होतं, "हे कोणत्या पानावर आहे, बाळ?" तिनं लिहिलं होतं, कथानायक शेळी पाळतो आणि पुढे बरा होऊन आईसोबत नारायणगडाच्या जत्रेला जातो.

"मग तू काय म्हणालीस?"

"धुंडलं की. सरांसमोर. सगळं पुस्तक धुंडलं." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला खरंच वाटलं, सापडन."

सर भले होते. पुन्हा लिहून आण, मी थांबतो, म्हणाले. तिनं पुन्हा लिहिलं नाही. वेळच राहिला नव्हता.

माघ सरता सरता भावाची लघवी थांबली. आम्ही दोघींनी त्याला दवाखान्यात नेलं. रक्त धुवायचं मशीन लावलं, ते त्याच्या अंगाला मानवलं नाही. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि आवाज बारीक करून सांगितलं, आता घरी न्या. ती एवढंच म्हणाली, "आई येईस्तोवर टिकन का?" डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं गेले.

बापाला फोन केला. मुकादम म्हणाला, कारखान्याचा पट्टा पडायलाच आलाय, हंगाम संपतोय, सगळी टोळी एकदमच निघू. बापानं विनवलं, आई भांडली. शेवटी परवा सकाळी सोडतो, असं ठरलं. परवाच्या संध्याकाळपर्यंत पोथी पुरवायची होती.

घरी आणल्यापासून भाऊ तळमळत होता. श्वास असा चालायचा, जणू कुणी जड पेटी ओढत नेतंय. मोठीमाय बराच वेळ बघत राहिली. मग उठली, पाटासमोर बसली आणि नातीला म्हणाली, "आज समाप्ती कर."

"आई यायची हाय, मोठीमाय."

"पोथी अर्धी हाय म्हणून जीव अडकलाय त्याचा. वाच. सुटू दी लेकराला."

"एकच दिवस."

"कावून? तुज्या आईला बघायला म्हणून ह्यानं तडफडायचं?"

ती जागची हलली नाही. म्हातारीनं पाटावरचं पुस्तक उचललं आणि माझ्या हातात दिलं. "बाई, तुमी वाचा. शेवटचा अध्याय."

मी पुस्तक उघडलं. चाफा फुलला होता. तरुणपणी ह्याच पानावर मी पोटभर रडले होते.

"मला चष्म्याबिगर दिसत न्हाई," मी म्हणाले.

चष्मा माझ्या नाकावर होता. दोघींनी माझ्याकडं पाहिलं. मग तिनं पुस्तक माझ्या हातून काढून घेतलं, मधेच कुठंतरी उघडलं आणि शेळीचं वाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी व्यायली. तिला दोन करडं झाली, एक काळं आणि एक बांडं, पांढऱ्या ठिपक्यांचं. बांड्याचं नाव काय ठेवावं, याच्यावर वकील आणि गडी वाद घालत होते. तेवढ्यात पेटी ओढायचा आवाज थांबला. ती थांबली. मोठीमायनं लेकराच्या नाकापाशी हात धरला, काढला, आणि म्हणाली, "अध्याय पुरा कर."

तिनं केला. वकिलाला त्याच्या मनासारखं नाव ठेवू दिलं आणि पुस्तक मिटलं.

आईबाप पोहोचले तोवर माती देऊन झाली होती. आई रडली नाही, बसून राहिली. काही दिवसांनी मी तिथं असताना तिनं लेकीला विचारलं, "त्या लेकराचं काय झालं गं शेवटी? वकिलाच्या?"

"बरं झालं, आई."

"हिंडाय-फिराय लागलं?"

"लागलं की."

"बरं झालं," आई म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं.

मोठीमाय नातीशी बोलायची बंद झाली. तू अडकवून ठेवलंस, असं एकदाच म्हणाली, पण ते पुरं पडलं. पोरीनं मला विचारलं, "मी धरून ठेवलं का, आजी, त्याला?" मी जन्मभर सगळ्याला उत्तर देत आलेली बाई. त्या दिवशी मी उंदरांच्या औषधाची पुडी उघडून बघत बसले. ते पुस्तक अजून त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. मी ते हरवल्याचं दाखवलंय.

आई पुन्हा तोडीला गेली नाही. लेकराच्या रिकाम्या अंथरुणाशी बसून असते, उठवलं तरी उठत नाही. बापानं मुकादमाकडून पुढच्या हंगामाची आगाऊ उचल घेतलेली होती, आणि ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसं धरतात. एक तोडणार, दुसरं मोळी बांधून वाहणार. दिवाळीनंतर आईची जागा तिनं घेतली.

सकाळी ट्रॅक्टर ग्रामपंचायतीसमोर उभा होता. ट्रॉलीत पत्रे, भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, आणि त्या सगळ्यावर बायका. ती कडेला बसली होती, आईचा जाडा सदरा अंगात ढगळ, डोक्याला फडकं.

"परीक्षेचं काय?" मी पायरीवरून विचारलं.

"आल्यावर बगू."

"सरांना काय सांगू?"

तिनं विचार केला. मग माझ्यामागं बोट दाखवलं. "आजी, कुत्रं शिरलंय आत."

मी वळून बघितलं. खरंच शिरलं होतं, टेबलाखाली आरामात पसरलं होतं. मी झाडू घेतला, शिव्या दिल्या, ते कपाटांच्या मागं गेलं, मी दुसऱ्या बाजूनं गेले. त्याला बाहेर घालवून पायरीवर येईपर्यंत ट्रॅक्टर घाटाच्या वळणाला लागला होता. ट्रॉलीवरच्या सगळ्या बायकांनी डोक्याला एकसारखी फडकी बांधली होती. त्यातली ती कोणती, मला काही ओळखू आलं नाही.