बांगड्यांची हजेरी

सुंदराबाईंबद्दल काळाचौकीत दोन अफवा होत्या आणि दोन्ही मीच पसरवल्या होत्या. एक, की त्यांनी मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी घेतले होते. दुसरी, की खानावळीत कोणी किती भाकऱ्या खाल्ल्या ते त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगतात. पहिली सपशेल खोटी. बाई दुसरीतून शाळा सोडून देवगडाहून मुंबईला आल्या होत्या. दुसरी मात्र खरी निघाली. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिसरी भाकरी मी हळूच ओढायचो.

बाई विधवा. नवरा मिलमध्येच गेला, छातीत कापूस साठून. त्याच्या मागे दोन खोल्या, पंचवीसएक जेवणारे आणि भिवा नावाचा धाकटा दीर एवढं त्यांच्या वाट्याला आलं. भिवा आमच्या मिलच्या साचे खात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे होता. हाताला इतका सफाईदार, की त्याच्या साच्यावरचं कापड तपासायला बाबू येत नसे, म्हणे. ही अफवा मात्र माझी नाही.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. दिवाळी आली तरी चालूच. तेव्हा आमच्या मिलने एक युक्ती काढली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेटवर पाटी लागायची: ‘कामावर हजर कामगार, तीन हजार शंभर.’ मिलमध्ये एकूण माणसं चार हजार. दुसऱ्या दिवशी हाच आकडा पेपरात यायचा. पेपर चाळीच्या जिन्यावर हाताहातांतून फिरायचा आणि ज्याच्या हातात जाईल त्याचं तोंड बंद व्हायचं. दहा महिने उपाशीपोटी घोषणा देणारी माणसं एका पाटीने गप्प झाली.

भिवाला त्यातून वेगळाच घोर. साचे खात्याचा जॉबर कुशाबा, ज्याच्या शब्दावर माणूस आत जायचा आणि बाहेर यायचा, त्याने निरोप पाठवला होता: वर्ष संपायच्या आत आलास तर तुझे साचे तुझे. नंतर आलास तर दुसऱ्याचे. भिवाने मिलचा पास खिशात घालून ठेवला. तीन हजार आत असतील तर बाहेर आपण कोणासाठी बसलोय, असं तो एकदा जेवता जेवता पुटपुटला.

बाई तांदूळ धूत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, “तीन हजार माणसं आत हत, तर ती जेवतत खंय?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि मी तर दिवसाचे अठरा तास दुसऱ्यांच्या भानगडींचाच विचार करायचो.

गेटवर रोज दगड पडायचे, म्हणून आत गेलेली माणसं आतच ठेवलेली होती. तिथेच झोपायची, तिथेच जेवायची. त्यांच्या भटारखान्याला मासळी द्यायची ती वरळी कोळीवाड्याची दमयंती. नाकात भलीमोठी नथ, डोक्यावर पाटी, आणि जीभ अशी की पोलीसही रस्ता द्यायचा. मिलला मासळी दिल्यावर उरलेला माल ती बाईंच्या दारात विकायची. संपाच्या माणसांनी तिला एकदा टोमणा मारला, की फितुरांना खाऊ घालतेस. ती म्हणाली, मासा मेल्यावर कोणाच्याही बाजूचा नसतो.

आत माणशी एक बांगडा. तुकडा नाही, अख्खा. नाहीतर माणसं ओरडायची. बाईंनी दमयंतीला गोड बोलून, वर सोलकढी पाजून विचारलं. दमयंती म्हणाली, तीनशे ऐंशी गं बाई, कधी पाचदहा इकडेतिकडे.

तीनशे ऐंशी. तीन हजार शंभर नव्हे.

मग बाईंनीच उलगडा केला. एकच माणूस पहिल्या पाळीत सही करतो, रिकाम्या दुसऱ्या पाळीतही त्याचंच कार्ड पंच होतं, तिसरीतही. पुन्हा महिन्याची बेरीज, आणि ज्याने एक दिवस तोंड दाखवलं तोही महिनाभर हजर. “हजेरी तीनदा लागता,” त्या म्हणाल्या, “भूक दोनदाच लागता.”

जिन्याखाली गणपती मंडळाचा फळा होता. एरवी त्यावर नळाची वेळ असायची. बाईंनी नळ पुसला आणि लिहिलं: आत माणसं, ३८०. खाली सही नाही, काही नाही. तासाभरात अख्खी गल्ली वाचून गेली. भिवाने खिशातला पास बाहेर काढला नाही, पण कुशाबाच्या निरोपाला उत्तरही धाडलं नाही. एका संध्याकाळी मी त्याला शीळ घालताना ऐकलं.

आणि इथे बाई घसरल्या.

डिसेंबरच्या मध्यावर दमयंती सांगत आली, की मिलने आज नव्वदच बांगडे घेतले. दुसऱ्या दिवशीही नव्वद. तिसऱ्या दिवशी तसंच. बाईंनी फळ्यावर ठळक लिहिलं: आत माणसं, ९०. चाळीत पेढे वाटायचेच बाकी होते. शेजारच्या धोंडूने तर ढोलाची पट्टी ताणून ठेवली.

सहाव्या दिवशी दुपारी कुशाबा स्वतः आला. जुन्नरकडचा माणूस, कपाळाला भंडारा, हातात वांग्याचं भरीत आणि रोडगा. बाईंसाठी नैवेद्य म्हणून आणलाय म्हणाला. मग फळ्याकडे बघून इतका हसला की भंडारा गालावर उतरला.

“बाई, माणसं नाही गेली कुठं. आज चंपाषष्ठी. आमच्या खंडोबाचे सहा दिवस आहेत, घाटावरचा माणूस मासळीला शिवत नाही. उद्या बघा.”

कोकणातल्या बाईला सोमवार ठाऊक, संकष्टी ठाऊक. खंडोबाचे सहा दिवस त्यांच्या हिशेबात कुठून असणार? जिन्यावर उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. हा चुकला, तर आधीचा कशावरून बरोबर? धोंडूने ढोलाची पट्टी सैल केली. भिवाने पास काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, जिथून तो दिसेल, आणि कुशाबाला म्हणाला, सोमवारी येतो.

बाई दुसऱ्या दिवशी दमयंतीची वाट बघत दारात बसल्या. त्या दिवशी मिलने चारशे दहा बांगडे घेतले होते. आधीपेक्षा तीस जास्त. संपाच्या मंडळींनी हात जोडले: बाई, हा लिहू नका, आपलंच नुकसान. बाईंनी खडू उचलला.

‘मागचा आकडा ९० चुकला. चूक माझी. आत माणसं, ४१०. सुंदराबाई.’

पहिल्यांदाच सही केली. मग कुशाबाला गल्लीच्या तोंडाशी गाठून त्यांनी सुनावलं. तेव्हा निम्मी काळाचौकी ऐकायला उभी होती, आणि निम्मीला मीच बोलावलं होतं.

“मी माझा पुसलंय. तुमी तुमचा पुसा.”

कुशाबा म्हणाला, मिलचा आकडा मिलचा असतो, त्याला खडू लागत नाही.

“मग माणसं आणा. रविवारी बारा वाजता माझी पंगत आसा. तीन हजार शंभर जेवूक वाढतंय. पन्नास पन्नासची बसवा, रात्र झाली तरी वाढीन.”

रविवारी जिन्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत पन्नास पत्रावळी मांडल्या. भात झाला, बांगड्याचं तिखलं झालं. बारा वाजले, साडेबारा झाले. पाऊण वाजता एक माणूस आला. कुशाबा. का आला ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. माझं मत, तिखल्याचा वास. तो एकटा पहिल्या पत्रावळीवर बसला, दोन बांगडे खाल्ले, हात धुतला आणि मान खाली घालून गेला. बाईंनी भिवाकडे पाहिलं. भिवाने खिशातला पास काढला आणि खंडोबाच्या नव्हे, आपल्या रवळनाथाच्या तसबिरीमागे सारला. बाकीच्या पत्रावळी चाळीने संपवल्या.

सोमवारी भिवा गेला नाही. पुढे त्याचे साचे दुसऱ्याचे झाले, कुशाबाने खोटी धमकी दिली नव्हती. काही वर्षांनी साचेच भंगारात गेले आणि कुशाबाही घरी बसला. भिवा इमारतीच्या दारात रखवाली करू लागला. त्याने बाईंना कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला कळलं असतं.

फळा मात्र चालू राहिला. दर महिन्याला पेपरात कसला ना कसला आकडा यायचा आणि बाई तो ताटात घेऊन तांदळासारखा निवडायच्या. नोकरीसाठी नाव नोंदवणारे कमी झाले, असं छापून आलं की त्या म्हणायच्या, रांग सोडली म्हणून पोट भरलं असं नाही. रोजगार वाढला असं आलं की धोंडूच्या खोलीकडे बोट दाखवायच्या. तिथे पूर्वी एक नोकरी होती. आता धोंडू गाडीवर वडे तळायचा, त्याची बायको तुळसा दोन घरी पोळ्या लाटायची, मुलगी फॉल-पिको करायची. एकाची तीन कामं झाली, आणि चूल पूर्वीइतकीच जळत होती.

मग एका वर्षी हेरंब नावाचा तरुण कारकून घरोघरचा रोजगार मोजत आला. भिवाची छाती तोवर भावासारखीच झाली होती. खाटेवर बसूनही धाप लागायची. हेरंबने विचारलं, गेल्या सात दिवसांत काम केलं? नाही. शोधलं? नाही. मग, तो भला मुलगा म्हणाला, हे बेकारांतही येत नाहीत, काका कुठेच येत नाहीत.

“संपावर लिही,” बाई म्हणाल्या. “संप मागे घेतलो म्हणान कोणी सांगल्यान?”

तसा रकाना नाही, तो म्हणाला.

बाईंनी पोळपाटावरचं लाटणं उचलून त्याच्या कागदावर ठेवलं. “आख मग. लाटणा सरळ आसा.”

तो हसला, चहा प्यायला. कागदावर काय लिहिलं देव जाणे. त्या संध्याकाळी फळ्यावर आलं: बेकार, अकरा. काम करतात पण भागत नाही, चौतीस. संपावर, एक.

भिवा दोन मजले उतरून वाचायला आला. पायरीपायरीला थांबत. मग खडू मागितला आणि एकाचे दोन केले.

“दुसरो कोण?” बाईंनी विचारलं. चुकीचा आकडा त्यांना खपत नसे.

“तू,” भिवा म्हणाला. “तीन हजार नव्याण्णव माणसं जेवूची रवली हत, वयनी. पंगत खंय उठली?”

बाईंनी जरा विचार केला, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, आणि फळा तसाच राहू दिला.