बिडाचा तवा आणि अन्वीचं कॅलेंडर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पदराला पीठ लागतं ना, तसे ते लागतात. झटकले तरी दुसऱ्या दिवशी निऱ्यांत कुठेतरी सापडतातच! बहारीनला लेकाकडे मी पाच महिने काढले, तिथलं पीठ अजून माझ्या अंगावर आहे. मला लिहितावाचता येत नाही. मी बोलते, भाची सुमन लिहून घेते. तिची तक्रार एकच, "मावशी, एका जागी बस की गो!"

बसवत नाही. आत्तासुद्धा मी अंगणात आमसुलं उलटतेय आणि ती वही घेऊन माझ्यामागून फिरतेय.

*

माझा सुधीर तिथे मुहर्रकच्या विमानतळावर टेक्निशियन. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा माझी बॅग मशीनमध्ये गेली आणि मशीन थांबलं. एका साहेबानं बॅग उघडली, लुगडी बाजूला केली आणि तळातून माझा बिडाचा तवा वर काढला. दोन्ही हातांनी!

"ये क्या है, अम्मा?"

"तवा."

"इधर तवा नहीं मिलता?"

"मिलता होगा. ये मेरा है."

त्यानं तव्यावर टिचकी मारून बघितली. कसला संशय आला होता कोण जाणे. मी म्हटलं, "चालीस बरस से मेरे हात में है. ये जिधर, मैं उधर."

साहेब हसला. तवा स्वतःच्या हातानं लुगड्यात गुंडाळून ठेवला आणि म्हणाला, "यल्ला, अम्मा, जाव. नाश्ते को बुलाना!"

*

लेकाचा फ्लॅट विमानतळाजवळच, अरादला. सून मनाली क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. नात अन्वी आठ वर्षांची, इंग्लिश शाळेतली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. मी मराठीत रागवायची, ती इंग्लिशमध्ये उलट बोलायची. भांडण मात्र अगदी बरोबर व्हायचं!

पण दिवसभर करायचं काय? कपडे मशीन धुतं, लादी मशीन पुसतं. खिडकीतून विमानं दिसायची. हे चाललं, ते चाललं. मी आपली इथेच! आठ दिवसांत मी सुधीरला म्हटलं, "माझं तिकीट काढ."

त्याच दिवशी अन्वी शाळेतून आली ती नाचत. उद्या शाळेत पॅनकेक डे आहे, घरून करून न्यायचंय. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला.

"अगं, हे तर घावन. सूज आलेलं!"

मी तांदूळ भिजत घातले. सकाळी तव्यावर चाळीस घावनं काढली, एकेकाला अशी जाळी की पलीकडचं दिसावं. अन्वी तोंड पाडून डबा घेऊन गेली. "आजी, दे हॅव होल्स!"

दुपारी डबा चाटूनपुसून रिकामा. आणि टीचरनं विचारलं होतं, एवढी भोकं पाडायला तुझ्या आजीला किती वेळ लागला?

*

तेव्हापासून अन्वीला नादच लागला. फ्रिजवर एका दुकानाचं कॅलेंडर होतं. ती खुर्चीवर चढायची, बोट फिरवायची आणि मला वाचून दाखवायची. अमुक दिवशी वॉफल डे, तमुक दिवशी बनाना ब्रेड डे. मी तिकिटाचं काढलं की ही लगेच खुर्चीवर! "आजी, वेट! नेक्स्ट वीक इज पाई डे."

सुधीर म्हणायचा, "आई, तेवढा पाई डे करून जा."

पाई म्हणजे मैद्याच्या पारीत सफरचंदाचं सारण, वरून झाकण आणि ओव्हनमध्ये घालायचं. मनाली म्हणाली, "आई, लोणी गार हवं." मी म्हटलं, "मोहन कडकडीत हवं." ती मोबाईल दाखवायला लागली. मी म्हटलं, "त्या मोबाईलनं आजपर्यंत किती करंज्या तळल्या?" शेवटी दोघींनी दोन केल्या. कुणाची चांगली झाली ते मी सांगत नाही. मनालीची पाई दुसऱ्या दिवशीही शिल्लक होती, एवढंच सांगते.

सुधीर सकाळी शिफ्टवरून आला, टेबलावर बघितलं आणि माझ्याकडे वळला. "आई, भाकरी?"

"आज पाई डे. भाकरी नाही. तुमच्या इथल्या भाषेत, मफी!"

*

त्याच पाईचा एक तुकडा मी खालच्या मजल्यावर घरमालकिणीला नेऊन दिला. उम्म खालिद तिचं नाव, म्हणजे खालिदची आई. माझ्याच वयाची. हिंदी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. तिनं मला चबाब खाऊ घातले होते, केशर-वेलचीची त्यांच्याकडची घावनंच ती. अन्वी माझ्यासोबत होती.

उम्म खालिदनं पाईची कड निरखून बघितली. मी सवयीनं कडेला मुरड घातली होती, करंजीला घालतो तशी.

"ये डिझाइन किसलिए?"

मी सांगितलं, हमारे गांव में गौरी आती है, देवी. जाती है तब उसको मुरड का कानवला देते हैं. खाके जाती है, तो अगले बरस वापस आती है. लेक सासरी निघाली तरी देतात, कुणी लांब चाललं तरी देतात.

उम्म खालिद उठली, डबा घेऊन आली. "मेरा खालिद आठ साल से लंडन में है. एक उसको भी बनाके दो. मैं भेजती."

"अहो बाई, वो जाने के पहले खिलाने का होता है!"

ती डबा तसाच हातात धरून उभी. म्हणाली, "तो तुम आठ साल पहले क्यों नहीं आया?"

*

मे महिना आला. माझा जीव आता घरात राहीना. पावसाच्या आधी गावच्या घराची कौलं परतायला हवीत. मागच्या वर्षी देवघरात गळत होतं. घर बंद, बघणारं कुणी नाही. मी सकाळी उठून बॅग भरायची, संध्याकाळी लुगडं लागायचं म्हणून उपसायची. व्हिसा एकदा वाढवून झाला होता, तिकीट दोनदा पुढे गेलं होतं. एकदा मफिन डेसाठी, एकदा उलट्या केकच्या डेसाठी.

आणि अन्वी पुन्हा खुर्चीवर! "आजी, सॅटर्डे इज गोड घावन डे."

मनाली भाजी चिरत होती, ती थांबली. फ्रिजजवळ गेली, कॅलेंडर काढून घेतलं, पानं उलटली. मग माझ्याकडे बघितलं.

"आई, यात नुसत्या तारखा आणि नमाजाच्या वेळा आहेत. बाकी काही लिहिलेलं नाही."

"कुठल्याच पानावर?"

"कुठल्याच. पॅनकेक डे आणि पाई डे शाळेतले, तेवढे खरे. बाकीचे सगळे हिनं रचलेत!"

अन्वी खुर्चीवरच उभी. डोळे भरलेले. मनाली ओरडली, "आजीला वाचता येत नाही म्हणून तिला फसवतेस?"

अन्वी म्हणाली, "इफ देअर इज नो डे, शी विल गो." आणि उतरून आत पळाली.

शाळा सुटल्यावर ती चार तास घरी असायची. मी यायच्या आधी ते चार तास ती कुलूप लावून एकटी बसायची, हे मला त्या दिवशी मनालीनं सांगितलं. सांगताना ती भाजीकडेच बघत होती.

मी उठले आणि तांदळाच्या डब्यात हात घातला.

"आई, आता कशाला? तो डे खोटा आहे."

"डे खोटा असेल. गोड घावनं खरी होतील!"

शनिवारी आम्ही गोड घावन डे केला. उम्म खालिद नटूनथटून आली. डे खोटा आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

*

तिकीट मात्र काढलं. कौलं थांबणार नव्हती.

विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर. सुधीरनं गाडी काढली, सगळे आले. अन्वी मांडीवर शाळेचा डबा घट्ट धरून बसली होती. शाळेला सुट्टी होती तरी.

काउंटरपाशी लायनीत उभे होतो तेव्हा तिनं डबा उघडला. आत एक पॅनकेक. एका बाजूनं करपलेला, अर्धा दुमडलेला, आणि कडेनं सगळीकडे बोटांनी चिमटे काढलेले. काही ठिकाणी फाटलाही होता. मनालीनं माझ्याकडे बघून मान हलवली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

अन्वी म्हणाली, "आजी, मुरड घातली आहे. सगळं खायचं."

मराठीत!

मी तिथेच उभ्यानं खाल्लं. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. सगळं खाल्लं. मागचे लोक पुढे सरका म्हणत होते.

मग बॅग वजनाला ठेवली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, दो किलो ज्यादा है."

सुधीर खाली बसला, चेन उघडली. "आई, खजूर काढूया. तिकडेही मिळतात."

"थांब."

मी लुगडी बाजूला केली आणि तळातून तवा काढला.

"आई! हा?"

"वजन जास्त आहे ना? मग!"

अन्वीनं तो दोन्ही हातांनी धरला. तिच्या पोटापासून गळ्यापर्यंत आला. मी सांगितलं, "साबण लावायचा नाही. अर्धा कांदा तेलात बुडवून त्यानं पुसायचा. गंज चढला तर बघ!"

"किती दिवस सांभाळायचा?"

मी म्हटलं, "मला कुठे वाचता येतं? कॅलेंडर बघून तूच सांग."