एकाच सिस्टरच्या ड्युटीतली तीन बाळं

"पकडा तिले! माह्या लेकराले सुया टोचून मारून राहिली ते बाई!"

चिचगडकडचा एक शेतकरी गोंदियातल्या एका इस्पितळाच्या पायऱ्यांवर ओरडत होता. आवाज असा, की नवेगाव बांधच्या तलावावरची पाखरं उडाली असतील. मी ठाणेदार. माझा आवाज काही कमी नव्हता, पण त्या दिवशी मी हरलो. मी निवृत्त झालो, ती ओरड मात्र कानातून अजून निवृत्त झालेली नाही.

त्याचं बाळ सातव्या महिन्यात जन्मलेलं, काचेच्या पेटीत. माझ्या टोपीत अशी दोन मावली असती. रक्तात जंतू शिरलेले, ताप उतरेना. शेजारची दोन बाळंही तशीच. डॉक्टर म्हणत, इन्फेक्शन. गर्दी म्हणे, घातपात. त्यात ठाण्यात निनावी फोन आला : तिन्ही बाळं एकाच सिस्टरच्या ड्युटीत बिघडली.

ड्युटीचा तक्ता मागवला. फोन खरा होता! स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि सिस्टरला जबाबासाठी बसवलं. माझ्यापुढे भलेभले दरोडेखोर चहा येण्याआधी पोपटासारखे बोलत. ही बाई दोन चहा झाले तरी ढिम्म.

"बाळाला हात लावण्याआधी काय करता?"

"हात धुते."

"दर वेळी?"

"दर वेळी. साबणाने, कोपरापर्यंत."

बाकीच्या सिस्टरांनाही तेच विचारलं. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी एक म्हणाली, "खरं सांगू साहेब? घाईत आम्ही ते स्पिरिटवालं औषध चोळतो अन् निघतो. साबण एवढा तीच वापरते."

माझी पेन्सिल थांबली. सगळ्यांत जास्त हात धुणारीच्या हातून बाळं आजारी पडतात, म्हणजे त्या हातांना लागतंय तरी काय?

बेसिनवरची साबणाची बाटली उचलली. आत पाण्यासारखं पातळ. सफाईवाल्या मावशींना बोलावलं.

"यात काय भरता?"

"साबण कम हुआ तो थोडा पानी डालते, साब. फिर ऊपर से नया साबण."

"रिकामी करून कधी धुतली?"

मावशींनी मलाच वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "साबणाची बोतल काऊन धुवाची साब? साबणच त हाये तिच्यात!"

उत्तर बिनतोड होतं. माझ्या ठाण्यातली बाटलीही गेली कित्येक वर्षं अशीच वाढवली जात होती, बहुधा इंग्रजांच्या काळापासून.

पंचनामा करून बाटली सील केली, प्रयोगशाळेत पाठवली. डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता त्याच दुपारी सगळ्या बाटल्या बदलल्या. अहवाल आला : बाळांच्या रक्तात आणि त्या बाटलीत एकच जंतू. त्या पातळ पाण्यात तो मजेत वाढत होता. नवी बाळं आजारी पडायची थांबली. तिघांना औषध लागू पडलं.

आयुष्यभर मी गुन्ह्यामागे वाईट माणूस शोधला. इथे सगळ्यांत चोख काम करणारीलाच मी आरोपीच्या खुर्चीत बसवलं होतं. तक्ता खोटं बोलत नव्हता. मीच तो अर्धा वाचला होता.

पंधरा दिवसांनी बाळाला पाहायला गेलो. त्या ओरडणाऱ्या बापानेच या वेळी माझ्यासाठी दार उघडलं. मी सिस्टरला म्हणालो, "माझी चूक झाली. माफ करा." आणि पेटीकडे हात नेला.

ती म्हणाली, "घड्याळ काढा. आधी हात धुवा."